क्लायमाशील्ड एपेक्स: घरी शिवायच्या हलक्या रजईसाठी भरवशाचे भरण

पाठीवर सामान घेऊन अनेक दिवस चालणाऱ्याच्या ओझ्यात सॅक, निवारा आणि पांघरूण या तीन गोष्टींचे वजन सहसा सर्वांत जास्त असते. यांपैकी घरच्या शिलाई मशीनवर आधी काय शिवावे, असे विचारले की बहुतेक जण छताचे कापड, म्हणजे टार्प, सुचवतात, कारण त्यात सगळ्या शिवणी सरळ असतात. माझे मत वेगळे आहे. टार्पचे सिलिकॉन लावलेले कापड बोटांतून आणि मशीनखालून सतत निसटते, त्याच्या मधल्या लांब शिवणीतून पाणी येता कामा नये, आणि दोऱ्या बांधण्याच्या प्रत्येक जागी वाऱ्याचा ताण सहन होईल इतके पक्के काम लागते. रजईत मात्र एखादी टीप वाकडी गेली तरी उबेत काही कमी होत नाही. म्हणून पहिले काम रजईचे घ्यावे आणि तिच्यात क्लायमाशील्ड एपेक्स भरावे, असे मी सुचवतो. हे परीक्षण त्या भरणाचे आहे. पण भरण एकटे वापरता येत नसल्यामुळे त्याच्यावरचे कापड, त्याची बेतणी आणि त्याची शिवण यांचाही विचार ओघाने आला आहे.

एपेक्स हे पॉलिस्टरचे भरण असून ते जाड, मऊ, पांढऱ्या थराच्या रूपात गुंडाळीवरून मापाने कापून मिळते. गुंडाळीची रुंदी साधारण दीड मीटर असते, त्यामुळे एका माणसाची रजई मध्ये जोड न देता एकाच तुकड्यातून निघते. त्याचा खरा गुण त्याच्या तंतूंत आहे. बहुतेक कृत्रिम भरणांत आखूड तंतू एकमेकांत गुंतवलेले असतात. वापरात आणि धुण्यात ते सुटतात, सरकतात आणि त्यांचे गोळे होतात. ते जागेवर राहावेत म्हणून दर काही सेंटिमीटरवर कापडासकट आरपार टीप घालावी लागते. एपेक्सचे तंतू अखंड, लांबच लांब असतात आणि एकमेकांना चिकटवलेले असतात, म्हणून हा थर स्वतःच्या बळावर एकसंध राहतो. कडांना शिवणीत पकडला की मध्ये एकही टीप न घालता तो वर्षानुवर्षे जागचा हलत नाही. अखंड तंतूंची ही कल्पना एपेक्सच्या आधी पोलरगार्ड या भरणात होती. ते बाजारातून गेल्यावर घरी शिवणाऱ्यांच्या दृष्टीने तिची जागा एपेक्सनेच घेतली.

आरपार टीप टळण्याचे महत्त्व शिवायला बसल्यावर लगेच कळते. टीप जिथे जाते तिथे भरण दाबले जाऊन जवळजवळ नाहीसे होते, आणि भरण म्हणजे तरी काय, तर तंतूंच्या मध्ये अडकून पडलेली स्थिर हवा. म्हणजे टिपेची प्रत्येक ओळ ही थंडीला मोकळी ठेवलेली वाट असते. पिसांच्या रजईत हा प्रश्न सोडवण्यासाठी वरच्या आणि खालच्या कापडामध्ये जाळीच्या उभ्या भिंती शिवून कप्पे करतात, प्रत्येक कप्प्यात मोजून पिसे भरतात आणि मग तोंड बंद करतात. हे काम सुंदर आहे आणि ज्यांना जमते त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण पहिल्यांदा शिवणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. एपेक्सच्या रजईत दोन कापडे, एक भरण आणि चार कडांची शिवण एवढेच काम असते. ज्याला उशीचा अभ्रा शिवता येतो, त्याला ही रजई शिवता येते.

एपेक्स वेगवेगळ्या जाडीत मिळते आणि ही जाडी दर चौरस मीटरच्या वजनात सांगितली जाते: ६७, १००, १३३, १६७, २०० ग्रॅम आणि त्याहून अधिक. काही विक्रेते तीच माहिती औंस आणि चौरस गजात देतात. एक औंस प्रति चौरस गज म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम प्रति चौरस मीटर, हे लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही. त्याच्या उबेचे माप क्लो या एककात, दर औंसाला ०.८२ क्लो असे दिले जाते. क्लो हे एकक १९४१ साली ठरवले गेले. साधारण २१ अंश सेल्सिअसच्या खोलीत शांत बसलेल्या माणसाला सुखकर वाटेल इतक्या कपड्यांची ऊब म्हणजे एक क्लो. या हिशेबाने १६७ ग्रॅमच्या, म्हणजे जवळपास पाच औंसांच्या थराची ऊब चार क्लोच्या आसपास येते. रजया बनवणाऱ्यांचा रूढ अंदाज असा की १३३ ग्रॅमचे भरण साधारण ५ अंशांपर्यंत, १६७ ग्रॅमचे गोठणबिंदूच्या आसपास आणि २०० ग्रॅमचे त्याखाली काही अंशांपर्यंत पुरते. हे आकडे मार्गदर्शक समजावेत, हमी समजू नये. विकत मिळणाऱ्या स्लीपिंग बॅगा आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे तापवलेल्या पुतळ्यावर तपासता येतात. घरी शिवलेल्या रजईची तशी तपासणी कोणी करत नाही. कोणाला किती थंडी वाजते, रात्री पोटभर जेवण झाले आहे का, वारा अडवला आहे का, यांवर चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो. म्हणून जिथे जायचे तिथल्या नेहमीच्या सर्वांत थंड रात्रीपेक्षा एक पायरी जाड भरण घ्यावे, असे मी सांगेन.

आता वजनाकडे वळू, कारण हलकेपणासाठीच हा सगळा खटाटोप असतो, आणि नेमके इथेच बहुतेकांचे लक्ष चुकीच्या जागी जाते. मध्यम उंचीच्या माणसाची रजई २०० सेंटिमीटर लांब, खांद्याशी १३५ आणि पायाशी १०५ सेंटिमीटर रुंद धरली, तर तिचे क्षेत्रफळ २.४ चौरस मीटर होते. त्यात १३३ ग्रॅमचे एपेक्स भरले तर भरणाचे वजन सुमारे ३२० ग्रॅम. दोन्ही बाजूंना ३० ग्रॅम प्रति चौरस मीटरचे नायलॉन लावले तर कापडाचे वजन १४४ ग्रॅम. दोरा, नाडी, बटणे मिळून ३० ग्रॅम धरले, तरी सगळी रजई ५०० ग्रॅमच्या आत राहते. आता समजा, आणखी वजन वाचवण्यासाठी आपण ३० ऐवजी २४ ग्रॅमचे, अधिक महाग आणि अधिक नाजूक कापड घेतले. बचत होते ती साधारण २९ ग्रॅमची. त्याऐवजी आपल्या अंगाचे माप नीट घेऊन रुंदीतले अनावश्यक १० सेंटिमीटर कमी केले, तर भरण आणि कापड दोन्ही मिळून सुमारे ३९ ग्रॅम वाचतात, आणि त्यासाठी वेगळा खर्च काहीच नाही. उंचीपेक्षा जास्त ठेवलेले १० सेंटिमीटर काढले तर आणखी २३ ग्रॅम जातात. विकतची वस्तू ठरावीक दोन-तीन मापांत बनते आणि त्या मापात सर्वांना बसवावे लागते, म्हणून तिच्यात प्रत्येकासाठी काही ना काही जादा कापड असतेच. घरी शिवण्याचा सर्वांत मोठा फायदा दुर्मीळ कापडात नसून मापाच्या फितीत आहे, आणि एपेक्स हे भरण हवे त्या आकारात कात्रीने कापता येत असल्यामुळे तो फायदा पूर्णपणे पदरात पडतो.

हे लोकांना फार पूर्वीच उमगले होते. एमा गेटवुड या आजींनी १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, अमेरिकेतील ॲपलाचियन ट्रेल ही वाट एकट्याने एका हंगामात पूर्ण केली, तेव्हा त्यांच्या खांद्यावर घरी शिवलेली जाड कापडाची पिशवी होती आणि निवाऱ्यासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा होता. पुढे फ्रॉस्टलाइनसारख्या कंपन्यांनी घरी शिवण्यासाठी आधीच कापलेल्या तुकड्यांचे संच विकले. गिर्यारोहणातील ‘फ्रेंड’ हे खाचेत अडकवायचे साधन शोधणारे रे जार्डिन यांनी १९९०च्या दशकात स्लीपिंग बॅगेऐवजी कृत्रिम भरणाची, फक्त वरून पांघरायची, घरी शिवलेली रजई वापरण्याचा जोरदार पुरस्कार केला आणि तिचे संचही उपलब्ध करून दिले. त्यांचा युक्तिवाद साधा होता आणि तो आजही खरा आहे: अंगाखाली दाबले गेलेले भरण ऊब देत नाही, तेव्हा ते पाठीवर वाहून न्यायचे कशाला?

अर्थात, अंगाखालची ती जागा मग मॅटने भरून काढावी लागते, आणि ही अट रजई शिवण्याआधीच नीट समजून घ्यावी. मॅटची उष्णतारोधकता आर-व्हॅल्यूने मोजतात आणि २०१८पासून त्यासाठी एएसटीएम एफ ३३४० हे सामाईक मानक असल्यामुळे निरनिराळ्या मॅटांची तुलना आता विश्वासाने करता येते. मॅट पातळ आणि जमीन गोठलेली असेल, तर रजईत २०० ग्रॅमचे भरण घालूनही पाठ गारच राहील. रजई उबदार नाही अशा तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी खरे तर मॅटच्या असतात, असे माझे निरीक्षण आहे.

माप घेण्याची पद्धत अशी. आपल्या नेहमीच्या मॅटवर, थंडीत झोपताना जे कपडे अंगात असतील ते घालून कुशीवर झोपावे, गुडघे वाकवावेत आणि दुसऱ्या कोणाला फीत धरायला सांगून एका बाजूच्या जमिनीपासून खांद्यावरून दुसऱ्या बाजूच्या जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. तेच कमरेशी आणि गुडघ्यांशी करावे. या प्रत्येक मापात दोन्ही बाजूंना अंगाखाली खोचण्यापुरते थोडे कापड मिळवले की रुंदी ठरते. पाठीवर सरळ झोपून घेतलेले माप कामाचे नाही, कारण रात्री कूस बदलली की त्या मापाची रजई एका बाजूने उचलली जाते आणि तिथून गार वारा आत शिरतो. लांबीसाठी उंचीत २५ ते ३० सेंटिमीटर मिळवावेत. त्यातला काही भाग पायाशी नाडीने आवळण्यात जातो आणि काही हनुवटीपर्यंत ओढून घेण्यासाठी लागतो.

कापड निवडताना एपेक्स आपल्याला एक मोठी मोकळीक देते. पिसांसाठी लागणारे कापड तापवून दाबून इतके घट्ट केलेले असावे लागते की पिसाचा बारीक काडीसारखा दांडाही त्यातून बाहेर येऊ नये. एपेक्सचे तंतू बाहेर डोकावत नाहीत, म्हणून साधे, हवा खेळती ठेवणारे, २० डेनियरच्या आसपासचे रिपस्टॉप (चीर पुढे पसरू नये म्हणून मध्ये जाड धागे विणलेले) नायलॉन पुरेसे होते. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन, म्हणून आकडा जितका लहान तितका धागा बारीक. १० डेनियरचे कापड हातात घेतल्यावर मोह पडतो, पण पहिल्या कामासाठी ते फार निसरडे आणि टिपेच्या रेषेवर फाटायला सोपे असते. बाहेरच्या कापडाला पाणी ओघळून जाईल असा लेप असावा. आतल्याला नसला तरी चालतो. आतले कापड गडद रंगाचे घ्यावे, म्हणजे सकाळी रजई उलटी करून उन्हात टाकली की लवकर वाळते. टार्पसाठी वापरतात ते सिलिकॉनचा लेप दिलेले, हवाबंद कापड मात्र रजईला कधीही लावू नये. रात्रभर अंगातून निघणारी वाफ त्यातून बाहेर पडू शकत नाही. ती आतच गार होऊन पाणी होते आणि सकाळपर्यंत भरण ओले होते.

शिवणकामात एपेक्स नवख्याला त्रास देते ते एकाच ठिकाणी, आणि त्याचा उपाय सोपा आहे. त्याचे तंतू मशीनच्या पायात अडकतात आणि थर पुढे सरकण्याऐवजी गोळा होतो. शिवताना भरणाची बाजू खाली आणि कापडाची बाजू वर ठेवावी. तरीही खालच्या दात्यांत तंतू अडकत असतील तर भरणाखाली पातळ कागदाची पट्टी ठेवून कागदासकट टीप घालावी आणि नंतर कागद फाडून काढावा. सुई ७० किंवा ८० क्रमांकाची, नवी आणि टोकदार असावी, दोरा पॉलिस्टरचाच असावा. सुती दोरा ओलाव्यात कुजतो. टाका अडीच ते तीन मिलिमीटरचा ठेवावा. त्याहून बारीक टाक्याने पातळ कापडाला जवळजवळ भोके पडतात आणि ताण आला की ते त्याच रेषेवर फाटते. टाचण्यांऐवजी कापड धरायच्या लहान क्लिपा वापराव्यात. पातळ नायलॉनवर टाचणीचे भोक कायमचे दिसते आणि जाड भरणात एखादी टाचणी हरवली तर ती झोपेत सापडण्याचा धोका असतो, जो कोणीही पत्करू नये.

क्रम असा ठेवावा. दोन्ही कापडे आणि भरण एकाच आकारात, चारही बाजूंनी दीड सेंटिमीटर माया ठेवून कापावे. भरण कापताना कात्री धारदार हवी आणि थर दाबून धरू नये, नाहीतर कड तिरकी येते. कापडाच्या कडा मेणबत्तीच्या ज्योतीजवळून झपाट्याने फिरवल्या तर धागे सुटत नाहीत, पण हे काम भरणापासून दूर, मोकळ्या जागेत करावे. भरण खाली अंथरावे, त्यावर दोन्ही कापडे सुलट बाजू एकमेकींना लावून ठेवावीत, नाड्या-पट्ट्यांचे फासे आधीच दोन कापडांच्या मध्ये आतल्या बाजूला वळवून अडकवावेत आणि एका कडेला साधारण अर्धा मीटर तोंड मोकळे ठेवून बाकी सर्व बाजूंना टीप घालावी. कोपरे चौकोनी न ठेवता गोल करावेत आणि तिथल्या मायेतले भरण छाटून टाकावे, म्हणजे उलटवल्यावर गाठ राहत नाही. मग त्या तोंडातून रजई सुलट करायची, तोंड हाताने तुरपाई करून बंद करायचे आणि मानेकडच्या व पायाकडच्या कडेला दोन सेंटिमीटर आत दुसरी टीप घालून नेफा तयार करायचा. नेफ्याची तोंडे आधीच आखून ठेवलेली असावीत. ती विसरली तर शिवण उसवावी लागते. रजई सुलट होऊन भरण फुगते तो क्षण मला या सगळ्या कामात फार आवडतो, कारण तोपर्यंत टेबलावर नुसते कापड पडलेले असते आणि एका मिनिटात त्याचे पांघरूण होते.

पायाच्या बाजूचे दोन पर्याय आहेत. एक म्हणजे शेवटचे अर्धा मीटर अंतर दोन्ही कडा एकमेकींना जोडून कायमचे शिवून टाकायचे आणि तळाला गोल तुकडा बसवायचा. दुसरा म्हणजे त्याच अंतरावर दाबाची प्लास्टिकची बटणे लावायची आणि तळ नाडीने आवळायचा. पहिला प्रकार अधिक उबदार असतो, कारण नाडी कितीही आवळली तरी मधोमध एक छिद्र राहते. मोजा किंवा रिकामी पिशवी खोचून ते बुजवावे लागते. तरीही पहिल्या रजईसाठी मी दुसराच प्रकार सुचवतो. तो शिवायला सोपा आहे, उबदार रात्री रजई पूर्ण उघडून चादरीसारखी पसरता येते आणि वाळवायलाही सोपी जाते. मॅटला बांधण्यासाठी दोन सपाट रबरी पट्ट्या पुरतात. फार कूस बदलणाऱ्याने दोन्ही लांब कडांना नुसत्या कापडाची, भरण नसलेली, हातभर रुंद झालर लावावी. वजन थोडे वाढते, पण अंगाखाली खोचलेली ती झालर वाऱ्याची फट बंद करते.

वापरात एपेक्स सर्वांत जास्त उजवे ठरते ते ओलाव्यात. दव, धुके, टार्पखाली उडणारे तुषार, स्वतःच्या श्वासाची वाफ, यांतले काहीच पूर्णपणे टाळता येत नाही. पिसे ओली झाली की चोळामोळा होऊन बसतात आणि त्यांची ऊब जवळजवळ संपते. पॉलिस्टर स्वतः पाणी फारसे शोषत नाही, त्यामुळे एपेक्सचा फुगवटा ओलाव्यातही बराचसा टिकतो आणि अंगाच्या उबेनेच ते वाळू लागते. लागोपाठ ओल्या रात्री काढायच्या असतील तर हा गुण काही ग्रॅमच्या फरकापेक्षा मोलाचा आहे. कडाक्याच्या थंडीत त्याचा आणखी एक उपयोग होतो. अंगातून निघालेली वाफ पांघरुणाच्या बाहेरच्या, गार थरात पोहोचली की तिथे तिचे पाणी होते. पिसांच्या रजईवर ६७ किंवा १०० ग्रॅमची एपेक्सची सैल रजई पांघरली, तर तो गार थर वरच्या रजईत येतो आणि आतली पिसे कोरडी राहतात. अनेक दिवसांच्या हिवाळी वाटचालीत हे फार उपयोगी पडते. म्हणून पुढे पिसांची रजई घेतली तरी एपेक्सची पातळ रजई वाया जात नाही.

दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत. ते एपेक्सचेच असे नाहीत, सगळ्या कृत्रिम भरणांना लागू होतात. पहिला म्हणजे आकारमान. तेवढ्याच उबेच्या पिसांच्या रजईपेक्षा ही रजई सॅकमध्ये बरीच जास्त जागा घेते. अगदी लहान सॅक आधीच घेतली असेल तर हे अडचणीचे होते, म्हणून रजई आधी शिवावी आणि सॅकचे माप नंतर ठरवावे. दुसरा दोष वयाचा. वारंवार दाबले गेल्याने तंतूंचा फुगवटा हळूहळू कमी होतो आणि तो परत येत नाही. आवळून बांधायच्या पिशवीत ही रजई कोंबणे म्हणजे तिचे आयुष्य आपल्या हाताने कमी करणे होय. सॅकच्या तळाशी जलरोधक अस्तराच्या पिशवीत ती सैल टाकावी आणि वर बाकीचे सामान ठेवावे. घरी तर ती टांगून किंवा मोठ्या पिशवीत मोकळीच ठेवावी. तिसरा दोष असा की थंडी वाढत जाते तसतसे पिसांचे पारडे जड होत जाते. १३३ ऐवजी १६७ ग्रॅमचे भरण घेतले तर वर सांगितलेल्या रजईचे वजन सुमारे ८० ग्रॅमने आणि २०० ग्रॅमचे घेतले तर सुमारे १६० ग्रॅमने वाढते. गोठणबिंदूच्या पुष्कळ खाली जायचे असेल, तर थरावर थर चढवत एपेक्सची जाड रजई शिवण्याचा आग्रह धरू नये. तिथे पिसेच योग्य आहेत.

धुणे क्वचितच करावे आणि ते हाताने, सौम्य साबणाने करावे. पिळू नये, इस्त्री लावू नये, ओली असताना एका टोकाला धरून उचलू नये, कारण पाण्याच्या वजनाने थर ताणला जाऊन कडेच्या शिवणीपासून सुटू शकतो. जाळीवर सपाट पसरून सावलीत वाळवावी. कापडाला भोक पडले तर त्याच कापडाचा उरलेला तुकडा लावावा. भरण बाहेर सांडत नसल्यामुळे ही दुरुस्ती वाटेतही चिकटपट्टीने तात्पुरती करता येते. पिसांच्या रजईत हीच वेळ आली तर घाई करावी लागते.

एकच रजई शिवायची असेल आणि बर्फाच्या दिवसांत जाण्याचा विचार नसेल, तर १६७ ग्रॅमचे भरण घ्यावे असे माझे मत आहे. उकाड्याच्या रात्री ती उघडी पांघरता येते, आणि थंड रात्री अंगातल्या जाकिटाची भर घालून अंदाजापेक्षा दोन-तीन अंश खालीही निभावते. १३३ ग्रॅमची रजई हातात घेतली की जास्त आवडते, पण तिला उन्हाळ्याबाहेर फारसा वाव नाही. कोणतीही जाडी निवडली, तरी मापापेक्षा ४० सेंटिमीटर जास्त लांबीचा तुकडा घ्यावा. रजईला टोपी नसते, आणि उघड्या डोक्यातून थंड रात्री ऊब वाया जाते. त्या जादा तुकड्यातून मध्ये एक पट्टी आणि दोन बाजूंना दोन गोलसर तुकडे अशी, हनुवटीखाली नाडीने आवळता येणारी भरणाची टोपी आरामात निघते. ती रजईला न जोडता सुटीच ठेवावी, म्हणजे कूस बदलली तरी नाकासमोरचे तोंड मोकळे राहते आणि श्वासाची वाफ रजईत शिरत नाही.